जयभीम देणारा मजूर पुढारी : बाबू हरदास एल. एन.

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका हातात पडली की आपण आधी फोटो पाहतो, मग देणगीदारांची नावे वाचतो, आणि लेख उद्यासाठी ठेवतो. हा लेख मात्र आजच वाचावा, अशी सर्व समाजबांधवांना आणि माता-भगिनींना आमची विनंती आहे. कारण तो ज्या माणसाबद्दल आहे, त्याचा एक शब्द आपण रोज तोंडी घेतो. सकाळी नळावर भेटलो तरी जयभीम, बसस्टँडवर भेटलो तरी जयभीम, मयतीला गेलो तरी जयभीम. हा शब्द आपल्यात आला कुठून, असं पोरांना विचारलं तर ती एकमेकांकडे बघतात. मोठी माणसं कामठीच्या बाबू हरदासांचं नाव घेतात आणि तिथेच थांबतात.

पण हरदासांची ओळख तेवढ्यावर संपत नाही. त्यांनी बिडी कामगारांचा संघ उभा केला, साप्ताहिक काढले, रात्रशाळा चालवल्या आणि प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले. त्यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ चा आणि मृत्यू १२ जानेवारी १९३९ चा. म्हणजे अवघी ३५ वर्षे आणि ६ दिवस. आमचे म्हणणे असे आहे की त्यांचा मजूर संघ आणि त्यांचा जयभीम ही दोन वेगळी कामे नव्हती. ते एकच काम होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

कामठीचा मुलगा

नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर कन्हान नदीच्या काठी कामठी हे गाव आहे. इंग्रजांनी १८२१ मध्ये तिथे लष्करी छावणी वसवली. छावणीमुळे बाजार आला, रेल्वे आली, मजुरी आली. खेड्यात ज्याला पाटलाच्या ओसरीशिवाय दुसरा दरवाजा नव्हता, त्याला कामठीत रोजगाराचा आणि शाळेचा रस्ता दिसला.

हरदासांचे वडील लक्ष्मणराव नगराळे रेल्वेत कारकून होते. ‘एल. एन.’ म्हणजे लक्ष्मणराव नगराळे. हरदास नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. नागपुरातल्या एका आर्यसमाजी स्वामींकडे त्यांनी संस्कृतही शिकून घेतले. महाराच्या पोराने संस्कृत शिकावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९२० साली, सोळाव्या वर्षी, साहूबाईंशी त्यांचे लग्न झाले.

त्या जमान्यातला मॅट्रिक पास मुलगा म्हणजे घराचा आधार. वडिलांसारखी रेल्वेतली कारकुनी धरली असती तर आयुष्य सुखाने गेले असते. पण १९२१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, या मुलाने ‘महारठ्ठा’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. १९२४ मध्ये कामठीत छापखाना घातला. त्याच वर्षी ‘मंडळ महात्म्य’ हे पुस्तक काढून देवधर्माच्या नावाने चाललेल्या अंधश्रद्धेवर टीका केली. ‘वीर बालक’ नावाचे नाटकही लिहिले. दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात आपली बातमी येत नसेल तर आपला छापखाना पाहिजे, हे त्यांनी विशीतच ओळखले होते.

बिडी वळणारे हात

हरदासांच्या परिसरातले आपले लोक पोट कशावर भरत होते? नागपूर आणि भंडाऱ्याच्या जंगलात तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, पाने भरपूर. त्या पानांवर बिडीचा धंदा वाढला. कामठी, रामटेक, तुमसर, गोंदिया या पट्ट्यात हजारो घरांची चूल त्यावर पेटायची.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांसाठी हे काम थोडं उलगडून सांगतो. मालक पाने, तंबाखू आणि सूत ठेकेदाराला देणार. या ठेकेदाराला त्या भागात सट्टेदार म्हणतात. सट्टेदार ते मजुरांना वाटून देणार. मजूर पाने भिजवतो, कापतो, तंबाखू भरून वळतो, तोंड मुडपतो आणि दोऱ्याने बांधतो. मजुरी हजार बिड्यांवर. एका माणसाच्या हातून तेवढं होत नाही, म्हणून बायको बसते, आई बसते, शाळेच्या वयाची पोरं बसतात. संध्याकाळी माल द्यायला गेलं की सट्टेदार बिड्या तपासतो. ही जाड झाली, ही फाटली, असं म्हणून काही बाजूला काढतो. त्याला छाट म्हणायचे. छाट काढलेल्या बिडीचे पैसे मजुराला नाहीत. पाने कमी पडली तर ती भरून देण्याची जबाबदारीही मजुराचीच. हिशेबाची वही सट्टेदाराकडे आणि मजुराला अक्षर ओळख नाही. अशी ही व्यवस्था होती.

मुंबईच्या कापड गिरण्यांत महारांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथे धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा दोरा स्पृश्य मजुरांना चालत नसे. चांगला पगार त्याच खात्यात होता. बाबासाहेबांनी १९२८ आणि १९२९ च्या गिरणी संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. आता बिडीकडे पाहा. ज्या हाताचे पाणी गाव पीत नव्हते, त्याच हाताने वळलेली बिडी गाव ओठात धरत होते. तिथे विटाळ आडवा आला नाही, कारण तिथे मजुरी सर्वांत कमी होती आणि वळणारा नजरेसमोर नव्हता. विटाळ कुठे पाळायचा आणि कुठे विसरायचा, हे शास्त्र ठरवत नव्हते, पैसा ठरवत होता. हरदासांसारख्या तरुणाला हे दिसले नसेल, असे आम्हाला वाटत नाही.

कायद्याच्या आधीचा संघ

१९२५ मध्ये हरदासांनी रामटेकला बिडी मजूर संघ स्थापन केला. साल नीट लक्षात ठेवा. आपल्या देशात कामगार संघटनांचा कायदा १९२६ मध्ये मंजूर झाला आणि १९२७ मध्ये लागू झाला. त्याआधी संघटनेला कायद्याचे कवच नव्हते. संप झाला तर मालक पुढाऱ्यावर दावा लावू शकत होता. मद्रासच्या गिरणी कामगारांचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर असा दावा गुदरला गेला होता. अशा वेळी एकवीस वर्षांच्या एका पोराने, ज्यांना ‘कामगार’ म्हणायलाही कुणी तयार नव्हते अशा घरबसल्या बिडी वळणाऱ्या बाया-माणसांचा संघ बांधला.

गिरणीत हजार माणसे एका भोंग्यावर आत जातात. दरवाजावर उभे राहून भाषण केले तरी सगळ्यांना ऐकू जाते. बिडी मजूर मात्र वस्ती-वस्तीत विखुरलेला. त्याचा संघ करायचा म्हणजे घराघरात जायचे, बायांशी बोलायचे, हिशेब वाचून दाखवायचा. म्हणून हरदासांच्या कामात रात्रशाळा आणि मजूर संघ शेजारी-शेजारी दिसतात. १९२७ मध्ये कामठीत त्यांनी सुरू केलेल्या रात्रशाळांत ८६ मुले आणि २२ मुली शिकत होत्या. संत चोखामेळ्याच्या नावाने त्यांनी वाचनालयही काढले. मुलींचा तो २२ चा आकडा आज लहान वाटेल. पण आपली आजी शाळेत गेली होती का, हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारून पाहावे, म्हणजे त्याची किंमत कळेल.

संघ बांधताना दुसरी अडचण घरातलीच होती. नागपूर भागात आपल्या जातीतही पोटजाती होत्या आणि एका पोटजातीचा माणूस दुसरीच्या पंगतीला बसत नसे. मालकापुढे एक व्हायचे आणि जेवताना वेगळे बसायचे, हे चालणार नव्हते. हरदासांनी चोखोबांच्या पुण्यतिथीला दरवर्षी सर्व पोटजातींचे सहभोजन सुरू केले. महिलांसाठी आश्रम काढला, तरुणांचे पथक उभारले.

देवळाबाबत त्यांचे मत स्पष्ट होते. १९२७ मध्ये किसन फागूजी बनसोडे यांच्या अध्यक्षतेखाली रामटेकला परिषद झाली. रामटेकच्या देवळाला जाऊ नका, तिथल्या अंबाळा तलावाच्या घाण पाण्यात अंघोळ करू नका, असे हरदासांनी लोकांना सांगितले. पण २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांनी कामठीहून स्वयंसेवकांची तुकडीही पाठवली. देव नको, पण हक्क सोडायचा नाही, ही त्यांची भूमिका होती.

कामठीहून लंडनला तार

१९३० च्या ऑगस्टमध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित काँग्रेसचे अधिवेशन बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाले. नोव्हेंबरपासून लंडनला गोलमेज परिषद भरली. १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत गांधीजींनी सांगितले की अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी आपण आहोत. तेव्हा हरदासांनी इंग्लंडचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांना तार केली की आमचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकर आहेत. निरनिराळ्या पुढाऱ्यांकडूनही अशा तारा गेल्या. हरदासांच्या चरित्रात एकूण ३२ तारांचा उल्लेख येतो.

ही तार ज्याच्या हाती पडली तो पंतप्रधान कोण होता? स्कॉटलंडमधल्या शेतमजुराच्या घरातला मुलगा. तो ज्या पक्षातून पुढे आला, त्या पक्षाचा पाया घालणारा केअर हार्डी हा कोळशाच्या खाणीतला मजूर होता. १८५६ चा जन्म. दहाव्या वर्षी तो खाणीत उतरला. आत हवा खेळती ठेवणारा दरवाजा उघडायचा आणि लावायचा, हे त्याचे काम. अंधारात बारा-बारा तास. रात्रीच्या शाळेत तो लिहायला शिकला. मजुरांना एकत्र करतो म्हणून खाणमालकांनी त्याचे काम बंद केले. तो पुढारी झाला, वर्तमानपत्र काढले आणि १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेला. उंच हॅट घालणाऱ्या सभासदांच्या सभागृहात तो साधी टोपी घालून गेला. १९०७ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. १८९३ मध्ये त्याने स्थापन केलेल्या पक्षाचे नाव ‘इंडिपेंडंट लेबर पार्टी’, म्हणजे स्वतंत्र मजूर पक्ष. बाबासाहेबांनी १५ ऑगस्ट १९३६ रोजी जो पक्ष काढला, त्याचेही नाव नेमके हेच.

रात्रशाळा, वर्तमानपत्र, मजूर संघ आणि मग कायदेमंडळ. खाणीतल्या हार्डीचा आणि कामठीच्या हरदासांचा रस्ता सारखा होता. फरक एवढाच की हार्डी खाणीतून बाहेर आला की अंगावरचा कोळसा धुता येत होता. हरदासांच्या मजुराला मात्र घरी गेल्यावरही अस्पृश्यच राहावे लागत होते. म्हणून इथल्या मजूर पुढाऱ्याला दोन लढाया एकाच वेळी लढाव्या लागल्या. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी हेच सांगितले की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

मे १९३२ मध्ये कामठीतच दलित काँग्रेसचे अधिवेशन भरले. हरदास स्वागताध्यक्ष होते आणि बाबासाहेब हजर होते. राजा आणि मुंजे यांचा संयुक्त मतदारसंघाचा करार त्या अधिवेशनाने नाकारला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि राखीव जागा ठरल्या. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या वाट्याला २० जागा आल्या.

कायदेमंडळात

आपले मेहकर त्या वेळी याच प्रांतात होते. वऱ्हाडचा मुलूख नावाला निजामाचा असला तरी १९०३ पासून मध्यप्रांताला जोडून त्याचा कारभार चालत होता. राजधानी नागपूर. कायदेमंडळात एकूण ११२ सभासद. म्हणजे हरदास ज्या सभागृहात बसले, त्याच सभागृहाचे कायदे पैनगंगेच्या काठच्या आपल्या खेड्यांनाही लागू होत होते. ते नागपूरकडचे आणि आपण वऱ्हाडचे, असे म्हणून त्यांना परके समजण्याचे कारण नाही.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे हरदास नागपूर-कामठी मतदारसंघातून निवडून आले. तेव्हा मत सगळ्यांना नव्हते. ज्याच्याकडे ठराविक मालमत्ता किंवा शिक्षण, त्यालाच मत. बिडी वळणाऱ्या बहुतेक बाया-माणसांना आपल्याच पुढाऱ्याला मत देता आले नसेल. तरी त्यांचा माणूस निवडून आला. १९३८ मध्ये पक्षाच्या मध्यप्रांत-वऱ्हाड शाखेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

बिडी कारखान्यांतली लहान मुले आणि बेसुमार तास यांची दखल रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात घेतली होती. १९३७ मध्ये मध्यप्रांतात बिडी, लाख आणि कातडी कमावणे या धंद्यांतल्या मोठ्या कामाच्या जागांसाठी कायदा झाला. पण घरी बसून बिड्या वळणारी बाई त्यातून सुटलीच. कारण कायदा कारखाना पाहतो, घर पाहत नाही. हरदासांना आणखी दहा-वीस वर्षे मिळाली असती तर, असं मनात येतंच. पण क्षयाने त्यांना गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. १२ जानेवारी १९३९ रोजी ते गेले.

जोहार ते जयभीम

आता जयभीमकडे येऊ. पूर्वी आपल्या लोकांनी गावातल्या मोठ्या माणसाला जोहार घालायचा, तोही वाकून आणि लांबून. समोरचा जोहार परत करत नसे. नमस्कार हा खालून वर जाणारा होता. आपसात भेटले तर रामराम. म्हणजे एक तर दुसऱ्यापुढे वाकणारा शब्द किंवा दुसऱ्याच्या देवाचा शब्द. आपला असा शब्दच नव्हता.

मुसलमान बांधव एकमेकांना सलाम करतात, लहान-मोठा दोघेही उत्तर देतात, हे पाहून आपल्या लोकांचाही असा एक शब्द असावा असे हरदासांना वाटले, असे जुनी मंडळी सांगत. एकाने ‘जयभीम’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘बलभीम’ म्हणायचे, असे आधी ठरले होते, असेही सांगतात. पुढे दोन्हीकडून जयभीमच राहिले. हरदासांच्या कार्यकर्त्यांनी हा शब्द १९३० नंतरच्या काळात वस्त्या-वस्त्यांत नेला.

आम्हाला यात मजूर संघाचा माणूस दिसतो. घराघरात विखुरलेल्या, पोटजातींत वाटलेल्या, सट्टेदारापुढे मान खाली घालणाऱ्या लोकांचा संघ ज्याने बांधला, त्यालाच कळणार की माणसे जोडायला वर्गणीच्या पावतीइतकाच एक शब्द लागतो. जयभीम म्हणताना वाकावे लागत नाही. तो म्हणायला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. बाई म्हणू शकते, पोर म्हणू शकते, कलेक्टर झालेला म्हणू शकतो आणि झाडू मारणाराही. आणि समोरच्याला उत्तर द्यावेच लागते, तेही त्याच शब्दात. बरोबरीची याहून सोपी शाळा कुणी काढली असेल, असे वाटत नाही.

त्यांच्यानंतर

हरदास गेल्यावर तीन वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले, खाणीत उतरून मजुरांचे काम पाहिले, त्यांच्या खोल्या पाहिल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण मजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर कर आणि त्या पैशातून मजुराला घर, दवाखाना, पाणी, अशी ती योजना. १९७६ मध्ये बिडी मजुरांसाठी असाच कल्याण निधी कायद्याने उभा राहिला. त्याआधी १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. रामटेकच्या संघापासून त्या कायद्यापर्यंत ४१ वर्षे गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक जमले, तेव्हा हरदासांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. पण त्या मैदानात एकमेकांना ओळख नसलेली माणसे ज्या शब्दाने भेटली, तो शब्द त्यांचा होता. कामठीजवळ कन्हानच्या काठी त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या स्मृतिदिनी, १२ जानेवारीला, तिथे लोक जमतात. २०१६ मध्ये त्यांच्यावर ‘बोले इंडिया जय भीम’ हा मराठी चित्रपटही आला.

आता आपल्याकडे पाहू. मेहकर तालुक्यात कोळशाची खाण नाही. पण वीटभट्टीवर जाणारी, ऊसतोडीला जाणारी, ठेकेदाराच्या हाताखाली रोजाने राबणारी माणसे आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांचा हिशेब कुणाच्या वहीत असतो? तो वाचून दाखवायला आपल्यातली शिकलेली पोरं जातात का? विहारात वंदना झाल्यावर आठवड्यातून एक तास जरी अशा हिशेबांसाठी आणि मजुरांच्या अर्जांसाठी ठेवला, तरी हरदासांची रात्रशाळा मेहकरात पुन्हा भरल्यासारखे होईल. त्यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. एक सतरंजी आणि दोन शिकलेली पोरं पुरेत.

बाबू हरदासांनी दिलेला शब्द आपण नीट सांभाळला आहे. त्या शब्दाबरोबर त्यांनी सुरू केलेले कामही आपलेच आहे. ज्याला आपण जयभीम म्हणतो, त्याच्या मजुरीचा, त्याच्या पोरांच्या शाळेचा आणि त्याच्या अब्रूचा प्रश्न आपलाही आहे, एवढे या वर्धापनदिनी ठरवू या.

सर्वांना जयभीम.